परदेशातली वेळ बघून मीटिंग ठरवताना: नागपूरकरांचे नेहमीचे प्रश्न

मिहानमधल्या कंपनीत नवीन लागलेली मुलं, धरमपेठेत घरून परदेशातली कामं घेणारे, दुबईच्या व्यापाऱ्याशी बोलणारे संत्रावाले आणि बाहेरच्या विद्यापीठाची ऑनलाइन मुलाखत असलेले विद्यार्थी फिरून फिरून हेच प्रश्न विचारतात. म्हणून उत्तरं एका ठिकाणी लिहून ठेवली आहेत. सगळं वाचायची गरज नाही, आपल्या कामाचा प्रश्न शोधा.

न्यूयॉर्कमध्ये आत्ता किती वाजले, हे पटकन कुठं बघायचं?

गूगलवर शहराचं नाव आणि ‘टाइम’ एवढं लिहिलं की झालं, मराठीत विचारलं तरी चालतं. रोज लागणारी शहरं फोनच्या घड्याळात ‘वर्ल्ड क्लॉक’मध्ये टाकून ठेवा.

पण ही सोय ‘आत्ता’पुरतीच आहे. मीटिंग तीन आठवड्यांनी असेल तर आत्ताचे वाजलेले काही कामाचे नाहीत. त्या तारखेला त्या शहरात किती वाजलेले असतील, ते बघायचं असतं. टाइमअँडडेट डॉट कॉमवर मीटिंग प्लॅनर आहे. त्यात तारीख आणि तीन-चार शहरं टाकली की कोणाचे ऑफिसचे तास कुठं जुळतात ते रंगांत दिसतं. इथं तारीख टाकायला आळस करू नका. निम्म्याहून जास्त घोळ तिथंच होतात.

त्यापेक्षा तासांचा फरक पाठ करून टाकला तर?

दुबई, सिंगापूर, टोकियो यांचा खुशाल करा. दुबई आपल्या दीड तास मागं, सिंगापूर अडीच तास पुढं, टोकियो साडेतीन तास पुढं. हे बारा महिने तसंच राहतं.

लंडन, बर्लिन, न्यूयॉर्क, सिडनी यांचा मात्र करू नका. तिथं उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढं करतात (याला ‘उन्हाळी वेळ’ म्हणतात) आणि थंडीत परत मागं घेतात, म्हणून या शहरांचे वर्षाला दोन फरक असतात. ‘न्यूयॉर्क म्हणजे साडेनऊ तास मागं’ असं एप्रिलमध्ये शिकलेला माणूस नोव्हेंबरात तासभर आधी जाऊन रिकाम्या स्क्रीनकडं बघत बसतो, कारण तोवर फरक साडेदहाचा झालेला असतो. पाठच करायचं तर शहर आणि तारीख मिळून एकच प्रश्न विचारायची सवय पाठ करा.

तिकडे घड्याळं नेमकी कधी पुढं-मागं होतात?

अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढं जातं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी परत मागं येतं. हा नियम २००७पासून आहे. ब्रिटन आणि युरोपियन संघातले देश मार्चच्या शेवटच्या रविवारी पुढं जातात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागं येतात. २०२६मध्ये अमेरिकेच्या तारखा ८ मार्च आणि १ नोव्हेंबर, तर युरोपच्या २९ मार्च आणि २५ ऑक्टोबर.

म्हणजे मार्चमध्ये तीन आठवडे (काही वर्षी दोन) अमेरिका सरकलेली असते आणि युरोप जागेवरच असतो. ऑक्टोबरच्या शेवटी आठवडाभर उलटा प्रकार. एरवी लंडन आणि न्यूयॉर्कमध्ये पाच तासांचं अंतर असतं, ते या दिवसांत चारच राहतं. दोन्हीकडचे लोक एका कॉलवर असतील तर याच आठवड्यांत कोणीतरी हमखास चुकतं, आणि बरेचदा चुकणारा तिकडचाच असतो.

नागपूरच्या घड्याळात याचा परिणाम असा: न्यूयॉर्कचे सकाळचे ९ म्हणजे थंडीत आपले संध्याकाळचे साडेसात, उन्हाळी वेळेत साडेसहा. लंडनचे सकाळचे १० म्हणजे थंडीत आपले साडेतीन, उन्हाळी वेळेत अडीच. लॉस एंजेलिसचे सकाळचे ९ म्हणजे थंडीत रात्रीचे साडेदहा, उन्हाळी वेळेत साडेनऊ.

लक्षात ठेवायला एक खूण आहे. आपण कूलरला नवीन खस लावायला काढतो तेव्हा त्यांची घड्याळं पुढं जातात आणि आपले कॉल तासभर अलीकडे येतात. दिवाळीच्या मागं-पुढं कॉल तासभर उशिरा सरकतात.

ऑस्ट्रेलियाचं गणित उलटं, कारण त्यांचा उन्हाळा आपल्या थंडीत असतो. सिडनी आणि मेलबर्न ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी पुढं जातात आणि एप्रिलच्या पहिल्या रविवारी मागं येतात. त्या काळात ती शहरं आपल्यापुढं साडेपाच तास, उरलेल्या वर्षात साडेचार. न्यूझीलंड त्यांच्याही आठवडाभर आधी, सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी पुढं जातं.

एकाच देशात काही ठिकाणी घड्याळ हलतं, काही ठिकाणी नाही. असं असतं का?

असतं, आणि फार त्रास देतं. अमेरिकेत हवाई आणि ॲरिझोना घड्याळ हलवत नाहीत. फिनिक्समध्ये क्लायंट असेल तर फरक वर्षभर साडेबारा तासांचाच राहतो. त्याच ॲरिझोनातला नवाहो आदिवासींचा प्रदेश मात्र हलवतो. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेन आणि पर्थ हलत नाहीत, त्यामुळे आपल्या थंडीत सिडनी आणि ब्रिस्बेन या एकाच किनाऱ्यावरच्या शहरांत तासाचं अंतर पडतं.

चीन एवढा आडवा पसरलेला, तरी सगळ्या देशाला एकच वेळ. मेक्सिकोने बहुतेक भागात उन्हाळी वेळ २०२२मध्ये बंद केली, ब्राझीलने २०१९मध्ये. इजिप्तने बंद केलेली उन्हाळी वेळ २०२३मध्ये परत सुरू केली. म्हणूनच ‘मागच्या वेळी असं होतं’ हा आधार कच्चा.

मंगळवारची नेहमीची मीटिंग कॅलेंडरमध्ये आपोआप तासभर सरकली. कोणी बदलली?

कोणीच नाही. वारंवार होणारी मीटिंग ज्या टाइम झोनमध्ये बनवलेली असते, त्या झोनच्या घड्याळाला ती बांधलेली राहते. न्यूयॉर्कच्या माणसाने स्वतःच्या सकाळी ९ला लावली असेल तर त्याच्यासाठी ती कायम ९लाच राहणार आणि सरकणार आपल्याकडे. आपण संध्याकाळी साडेसहाला लावली तर आपली साडेसहा पक्की, पण नोव्हेंबर आला की त्याच्या कॅलेंडरमध्ये ती सकाळी ८ला दिसायला लागते. मग त्याला वाटतं आपण वेळ बदलली, आणि आपल्याला वाटतं त्याने.

म्हणून मीटिंग बनवतानाच विचारून घ्या की कोणाचं घड्याळ पक्कं धरायचं. माझ्या मते ज्याचा दिवस जास्त घट्ट बांधलेला आहे त्याचं धरावं. त्याला सकाळी मुलांना शाळेत सोडायचं असेल तर आठची मीटिंग त्याच्यासाठी मोडलेलीच समजा. आपल्याकडे साडेसहाची साडेसात झाली तर फार तर जेवण उशिरा. पण आपल्याकडच्या कोणाची बस किंवा क्लास त्या तासात असेल तर तसं सांगायला लाजू नका. परदेशी क्लायंट म्हणजे घड्याळही त्याचंच असलं पाहिजे, असा कायदा नाही.

बैठक ‘ईएसटी’मध्ये कळवली तर काय बिघडतं?

ईएसटी (ईस्टर्न स्टँडर्ड टाइम) ही न्यूयॉर्ककडची फक्त थंडीतली वेळ. उन्हाळी वेळेत न्यूयॉर्क ईडीटीवर (ईस्टर्न डेलाइट टाइम) असतं. बहुतेक अमेरिकन लोक बारा महिने ईएसटीच म्हणतात, पण संगणक त्यांच्यासारखा समजून घेत नाही. जुलैमध्ये कोणी ‘१० एएम ईएसटी’ असं एखाद्या साधनात जसंच्या तसं टाकलं तर उत्तर एका तासाने चुकू शकतं.

इतर आद्याक्षरं तर आणखी घातक. आयएसटी म्हणजे आपली भारतीय प्रमाणवेळ, पण आयर्लंड आणि इस्रायलही हीच तीन अक्षरं वापरतात. सीएसटी म्हणजे शिकागोची वेळ की चीनची, ते संदर्भावरून ओळखावं लागतं. बीएसटी ब्रिटनचीही आणि बांगलादेशचीही. आद्याक्षरं सोडा आणि सरळ ‘न्यूयॉर्कची वेळ’, ‘नागपूरची वेळ’ असं लिहा.

शहराचं नाव लिहिलं की मग चूक होणारच नाही ना?

कमी होते. लंडन नावाचं एक शहर कॅनडातल्या ओंटारिओत आहे, आणि तिथली वेळ टोरंटोची आहे. पोर्टलंड एक ओरेगॉनमध्ये, दुसरं मेनमध्ये, दोघांत तीन तासांचं अंतर. मेलबर्न फ्लोरिडातही आहे. टेनेसी या एकाच राज्यात नॅशव्हिल शिकागोच्या वेळेवर चालतं आणि नॉक्सव्हिल न्यूयॉर्कच्या. म्हणून ‘क्लायंट टेनेसीचा आहे’ एवढ्यावर मीटिंग लावू नका.

कॅलेंडरच्या यादीत नागपूर सापडत नाही. काय निवडू?

कोलकाता. संगणकांच्या जगात टाइम झोनची एक सामायिक यादी चालते. त्यात प्रत्येक झोनला एका शहराचं नाव असतं, आणि अख्ख्या भारतासाठी ते नाव ‘एशिया/कोलकाता’ आहे. विंडोजमध्ये ‘चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली’ अशी ओळ दिसते, तीच आपली. गूगल कॅलेंडरच्या सेटिंगमध्ये दुसरा टाइम झोनही लावता येतो. मग दिवसाच्या कडेला नागपूरचे आणि क्लायंटचे तास शेजारी शेजारी दिसतात. रोज एकाच देशाशी काम असेल तर एवढी एक सोय पुरे.

क्लायंटने दिलेल्या लॅपटॉपवर सगळ्या मीटिंग भलत्याच वेळेला दिसतात.

त्या लॅपटॉपचं घड्याळ त्यांच्या झोनवर लावलेलं असणार. आधी कोपऱ्यातलं घड्याळ बघा, मग सेटिंगमधला टाइम झोन. रिमोट डेस्कटॉप असेल तर बाहेरच्या खिडकीत नागपूर आणि आतल्या खिडकीत टेक्सस असंही होतं. आणि वेळ चुकीची दिसली म्हणून हाताने काटे फिरवू नका, झोन बदला. काटे फिरवलेल्या मशीनवरून पाठवलेलं प्रत्येक निमंत्रण चुकीच्या वेळेला जातं, आणि ते कुठून चुकलं हे शोधायला अर्धा दिवस जातो.

आपला तो अर्धा तास समोरच्याच्या लक्षात कसा आणून द्यायचा?

समजावत बसू नका. अमेरिका-युरोपातले बरेच लोक पूर्ण तासांचेच हिशेब करतात आणि साडेनऊचे दहा करून टाकतात. वेळ त्यांच्या शहरात बदलून द्या, अर्ध्या तासाचा विषयच निघत नाही.

तसे अर्ध्या तासाचे आपण एकटे नाही. इराण, अफगाणिस्तान, म्यानमार, ॲडलेड, कॅनडातलं न्यूफाउंडलंड, सगळे अर्ध्या तासाचे आहेत. नेपाळ तर आपल्यापेक्षा फक्त पंधरा मिनिटं पुढं आहे. काठमांडूचा कॉल पाच वाजता म्हटला की तो आपल्याकडे पावणेपाचला असतो, हे शेजारी असूनही लोक विसरतात.

‘शुक्रवारी रात्री साडेबारा’ म्हणजे कोणता दिवस?

आपल्या बोलण्यात शुक्रवारची रात्र, कॅलेंडरमध्ये शनिवार. आपण झोपेपर्यंत दिवस बदलला असं मानत नाही, पण निमंत्रणात त्याने चोवीस तासांचा घोळ होतो. मध्यरात्रीच्या आसपासच्या वेळेला दोन्ही वार लिहा: ‘शुक्रवार संपून शनिवार लागल्यावर, ००:३०’. आणि कशाची मुदत असेल तर ‘रात्री १२पर्यंत’ असं न म्हणता २३:५९ लिहा.

अमेरिकेसाठी तारीखही आकड्यांत लिहू नका. ०३/०४/२०२६ म्हणजे त्यांना ४ मार्च वाटतो, आपल्याला ३ एप्रिल. ४ मार्च बुधवार आहे आणि ३ एप्रिल गुड फ्रायडे. शेजारी वार लिहिला असता तर चूक तिथंच दिसली असती.

सोमवारी सकाळी अमेरिकेला फोन का उचलत नाहीत?

कारण तिथं रविवारची रात्र असते. नागपूरला सोमवारी सकाळचे ८ वाजतात तेव्हा न्यूयॉर्कमध्ये उन्हाळी वेळेत रविवारचे रात्रीचे साडेदहा झालेले असतात. याची दुसरी बाजूही आहे. त्यांनी शुक्रवारी संध्याकाळी ६ला लॉस एंजेलिसहून ‘आठवडा संपायच्या आत बोलू’ म्हटलं तर आपल्याकडे उन्हाळी वेळेत शनिवारचे पहाटेचे साडेसहा असतात.

आखातातली सुटी वेगळी. सौदीत शुक्रवार-शनिवार सुटी असते. अमिरातीत केंद्र सरकारने जानेवारी २०२२पासून शनिवार-रविवार सुटी आणि शुक्रवारी अर्धा दिवस असं केलं. दुबईशी शुक्रवारी काम असेल तर सकाळीच उरकून घ्या. इस्रायलमध्येही शुक्रवार-शनिवार. वेळ अगदी बरोबर काढली आणि ऑफिसच बंद निघालं तर त्या हिशेबाचा काय उपयोग! अमेरिकेत नोव्हेंबरचा चौथा गुरुवार थँक्सगिव्हिंगचा, जपानमध्ये एप्रिल संपता संपता मे लागेपर्यंत सुट्यांची रांग. या दिवसांत काही मोठं ठरवू नका.

नागपूर, लंडन आणि कॅलिफोर्निया, तिघांना एकत्र बसवता येतं का?

येतं, पण खिडकी बारीक आहे. उन्हाळी वेळेत आपले रात्रीचे साडेआठ म्हणजे लंडनचे दुपारचे ४ आणि कॅलिफोर्नियाचे सकाळचे ८. साडेनऊपर्यंत लंडन ५ला पोचतं आणि तिथली माणसं निघायला लागतात. म्हणजे साधारण तासभर मिळतो, तोही आपल्या जेवणाच्या वेळेचा.

यात सिडनी घातली की गणित मोडतं. तेव्हा तिथं पहाटेचे १ ते २ वाजलेले असतात. चौघांना सोयीची वेळ शोधत बसू नका, ती नाहीच. त्रास वाटून घ्या: एका महिन्यात सिडनीने जागायचं, पुढच्या महिन्यात कॅलिफोर्नियाने, मग आपण. आणि मुळात चौघांनी बोलायलाच हवं का, हेही एकदा विचारून बघा. पुष्कळदा दोघांची मीटिंग आणि इतरांना रेकॉर्डिंग एवढ्यावर भागतं. नागपूरच्या टीमने दर वेळी ‘आम्हाला चालेल’ म्हटलं की कॉल दर वेळी रात्रीच लागतात, हे वर्धा रोडवरच्या कुठल्याही ऑफिसात बघायला मिळेल.

रात्रीच्या कॉलसाठी मुलींना थांबवताना काही नियम आहेत का?

महाराष्ट्राचा २०१७चा दुकाने व आस्थापना कायदा ज्यांना लागू आहे, त्यांना स्त्री कर्मचाऱ्यांना रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत काम देताना त्यांची संमती घ्यावी लागते आणि सुरक्षिततेची व्यवस्था करावी लागते. आता लॉस एंजेलिसची सकाळी ९ची मीटिंग आठवा. उन्हाळी वेळेत ती आपल्याकडे बरोबर साडेनऊलाच सुरू होते. मिहानहून शहरात यायचं म्हणजे मेट्रो मिळणार की नाही हा प्रश्नही आलाच. गाडीची सोय आधी ठरवा, मीटिंग नंतर. घरून कॉल घ्यायची मुभा दिली तर बरेच प्रश्न सुटतात.

निमंत्रणात वेळ कशी लिहावी?

अशी: ‘मंगळवार, १० नोव्हेंबर २०२६. न्यूयॉर्क सकाळी ९:००, लंडन दुपारी २:००, नागपूर संध्याकाळी ७:३०.’ शहरं, वार, तारीख, सगळं आलं. मजकूर मेलमध्ये लिहाच, पण कॅलेंडरचं निमंत्रणही पाठवा, कारण वेळ बदलायचं काम ते स्वतः करतं. व्हॉट्सॲपवर ‘उद्या ७ला’ हा निरोप परदेशातल्या माणसाला कधी पाठवू नये. कोणाचा उद्या, कोणाचे ७?

नागपूर देशाच्या मधोमध, मग प्रमाणवेळ नागपूरची का नाही?

झीरो माइलपाशी उभं राहून हा प्रश्न प्रत्येक नागपूरकराला पडतो. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आहे, आणि ती रेषा उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळून जाते. एका तासाला १५ अंश, म्हणून ८२.५ अंशांचे लंडनच्या थंडीतल्या वेळेपुढं बरोबर साडेपाच तास. नागपूर ७९ अंशांच्या थोडं पुढं आहे, त्यामुळे आपला सूर्य घड्याळाच्या सरासरी तेरा-चौदा मिनिटं मागं चालतो. ही वेळ १ जानेवारी १९०६पासून लागू झाली, तरी मुंबई आणि कलकत्ता स्वतःच्या वेळा पुढं कित्येक वर्षं चालवत राहिल्या.

आपल्याकडे उन्हाळी वेळ कधीच नव्हती का?

दुसऱ्या महायुद्धात, १९४२ ते १९४५, देशभर घड्याळं एक तास पुढं होती. एरवी आपल्याला गरजच नाही. लंडनचा जूनमधला दिवस साडेसोळा तासांचा आणि डिसेंबरमधला आठही तासांचा नसतो. नागपूरचा मोठा दिवस साडेतेराच्या आत आणि लहान दिवस पावणेअकराच्या वर. वाचवायला उजेड फारसा उरतच नाही. मे महिन्यात तर उजेड वाढावा असं इथं कोणाला वाटतही नाही.

दोन वेबसाइट दोन वेळा दाखवतात. खरी कोणती?

बहुतेक वेळा त्यातली एक जुन्या माहितीवर चाललेली असते. देश वेळा बदलतात, कधी कधी अगदी तोंडावर आल्यावर. लेबनॉनमध्ये मार्च २०२३मध्ये सरकारने उन्हाळी वेळ पुढं ढकलल्याचं ऐनवेळी जाहीर केलं. काहींनी ते मानलं, काहींनी नाही, आणि काही दिवस एकाच देशात दोन वेळा चालल्या. शेवटी निर्णय मागं घेतला. मोरोक्को दर वर्षी रमजानसाठी घड्याळ तासभर मागं घेतो, आणि रमजान चंद्रावर ठरतो. अशा देशांशी काम असेल तर फोन आणि लॅपटॉपचे अपडेट अडवून ठेवू नका, कारण नवे नियम त्यातूनच येतात. तरीही शंका राहिली तर तिथल्या माणसाला आदल्या दिवशी विचारा, ‘तुमच्याकडे आत्ता किती वाजले?’

आपण वेळेवर बसलो आणि समोर कोणीच नाही. किती थांबायचं?

दहा मिनिटं. तोवर दोन गोष्टी बघा: त्यांच्या शहरात आत्ता किती वाजले, आणि मागच्या रविवारी तिकडे घड्याळ बदललं का. बदललं असेल तर माणूस तासाभराने येण्याची शक्यता बरीच आहे. ‘तुमच्या ९ वाजता मी परत जोडतो/जोडते’ एवढा त्यांच्या वेळेतला निरोप ठेवा, लिंक बंद करू नका, आणि तोवर जेवून घ्या.